सेल्युलोज बॉल मिलमध्ये दळल्यावर त्याच्या स्फटिकरचनेचं नेमकं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कापसापासून काढलेलं शुद्ध सेल्युलोज प्लॅनेटरी बॉल मिलमध्ये (फिरत्या जारमध्ये कठीण गोळ्यांनी दळणारं यंत्र) आठ तास कोरडं दळलं. एक्सआरडीनुसार (क्ष-किरण कोणकोणत्या कोनांना परततात ते मोजणारी चाचणी) स्फटिकता, म्हणजे रांगेत बसलेल्या भागाचं प्रमाण, ८५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आली. मग तीच पावडर पाण्याने धुतली, वाळवली आणि पुन्हा मोजली, तर स्फटिकता वाढलेली. वर १२ आणि २० अंशांजवळ आधी नसलेले दोन पीक उगवलेले (शेतातलं पीक नव्हे, आलेखातलं). मिलमध्ये काही रासायनिक बदल झाला, की जारमधून भेसळ आली? आणि खरा आकडा कोणता धरायचा?

आधी भेसळीचं बघून टाकू, कारण ते सोपं आहे. स्टीलच्या बॉलमधून लोखंड आलं असेल तर त्याचा मुख्य पीक ४४.७ अंशांजवळ दिसतो. झिर्कोनियाचे बॉल असतील तर ३० अंशांच्या आसपास दिसतो. १२ आणि २० ला यांच्यापैकी कोणीच येत नाही. तुम्हाला दिसतंय ते सेल्युलोजच आहे, फक्त दुसऱ्या रचनेतलं. आणि ती रचना मिलने बनवलेली नाही, तुमच्या धुण्याच्या पाण्याने बनवली आहे. आठ तास तुम्ही दळलंत आणि निम्मी कमाई पाच मिनिटांच्या धुण्यात गेली. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, त्यातला प्रकार.

आता हे का होतं ते मुळापासून सांगतो.

सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची सरळ, न फांदणारी साखळी. वनस्पतीमध्ये या साखळ्या एकाच दिशेला तोंड करून शेजारी शेजारी बसतात. शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी जोडल्या जाऊन सपाट पत्रा तयार होतो आणि असे पत्रे एकावर एक रचले जातात. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या: पत्र्याच्या आत हायड्रोजन बंध आहेत, पण पत्र्या-पत्र्यांमधली पकड मुख्यतः व्हॅन डर वाल्स बलांची आणि काही दुबळ्या बंधांची आहे. साखळीच्या दिशेने या स्फटिकाचा ताठरपणा १०० गिगापास्कलच्या वर जातो, आडव्या दिशेने मात्र तो त्याच्या कितीतरी खाली असतो. म्हणजे पत्त्यांच्या कॅटसारखी वस्तू. लांबीने ओढलीत तर हलत नाही, बाजूने रेटलीत तर पानं सरकतात.

कापूस, लाकूड, ताग अशा उच्च वनस्पतींमध्ये या रचनेचा जो प्रकार प्रामुख्याने सापडतो त्याला सेल्युलोज एक-बीटा म्हणतात. शैवाल आणि जिवाणूंच्या सेल्युलोजमध्ये एक-अल्फा जास्त असतो. हे दोन प्रकार आहेत हे १९८४ मध्ये घन-अवस्था एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात अणूंची खूण वाचणारी पद्धत) दाखवलं गेलं आणि एक-बीटाची अणुपातळीवरची पक्की रचना २००२ मध्ये निशियामा, लँगन आणि शांझी यांनी दिली. तुमच्या कामासाठी एक-बीटाचे चार पीक पाठ असलेले बरे: तांब्याच्या क्ष-किरण नळीवर साधारण १४.९, १६.६, २२.७ आणि ३४.५ अंश. यातला २२.७ चा पीक म्हणजे त्या पत्र्यांमधलं अंतर, सुमारे ०.३९ नॅनोमीटर. दळताना सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त मार खातो तो हाच.

मिलमध्ये दोन वेगळी कामं चालतात आणि बहुतेक गोंधळ ती एकच समजल्यामुळे होतो. पहिलं काम कण बारीक करण्याचं. तंतू तुटतात, लांबी कमी होते, पावडर मऊ होते. हे काम लवकर संपतं. कण काही दहा मायक्रॉनच्या घरात आले की पुढे आकार घटत नाही. उलट तुकडे एकमेकांना चिकटून गोळे होऊ लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा म्हणतो, "आता काही होत नाहीये, मिल बंद करा." पण दुसरं काम तेव्हाच जोरात सुरू असतं. कण २० मायक्रॉनचा आणि त्यातला स्फटिक ५ नॅनोमीटरचा, म्हणजे चार हजार पटींचा फरक. कण तुटला म्हणजे स्फटिक तुटला असं अजिबात नाही. कण आणखी तुटत नाही म्हटल्यावर बॉलच्या आघाताची आणि घासण्याची ऊर्जा आत शिरते, पत्रे एकमेकांवरून सरकतात, साखळ्या वाकतात, त्यांच्यातले हायड्रोजन बंध तुटून वेड्यावाकड्या जागी पुन्हा जुळतात. स्फटिक एका झटक्यात "वितळत" नाही. तो बाजूंनी कुरतडला जातो, मधूनच दुमडतो, आणि शेवटी त्यात सलग रांग उरत नाही.

हे आकड्यात बघायचं तर शेररचं सूत्र लावा; ते पीकच्या रुंदीवरून स्फटिकाची जाडी काढतं. मूळ कापसाच्या नमुन्यात २२.७ च्या पीकची अर्ध्या उंचीवरची रुंदी समजा १.३ अंश आहे. रेडियनमध्ये ०.०२२७. स्थिरांक ०.९, तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर, कोसाइन ०.९८ घातला की स्फटिकाची जाडी येते साधारण ६.२ नॅनोमीटर. पत्र्यांमधलं अंतर ०.३९ असल्यामुळे सोळाएक पत्रे झाले. काही तास दळल्यावर रुंदी ४ अंश झाली तर त्याच हिशोबाने जाडी २ नॅनोमीटर येते, म्हणजे पाच पत्रे. आता पाच पत्र्यांच्या गठ्ठ्याला स्फटिक म्हणायचं की नाही, हा प्रश्न शब्दांचा आहे. पण तुम्ही ज्याला "अमॉर्फस" (विस्कटलेलं, स्फटिक नसलेलं) म्हणून नोंदवता त्यातला बराच भाग असा इवल्या गठ्ठ्यांचा असू शकतो, हे ध्यानात ठेवा. यंत्राची स्वतःची रुंदी वजा न करता हे सूत्र लावू नका; कापसासारख्या अरुंद पीकवर ती चूक जास्त खटकते.

आता तो टक्क्यांचा आकडा. तुमचे ८५ आणि १० सीगलच्या पद्धतीचे आहेत, हे विचारायची गरजच नाही. सगळे तीच वापरतात. १९५९ ची पद्धत, २२.७ ची उंची घ्यायची, १८ अंशांच्या दरीची उंची वजा करायची, पहिल्याने भागायचं. समजा मूळ नमुन्यात १०,००० आणि १,५०० होते: ८५ टक्के. दळल्यावर ४,००० आणि ३,६००: १० टक्के. गणित बरोबर. पण आणखी दोन तास दळा. अमॉर्फस भागाचा कुबड १८ ते २१ अंशांच्या पट्ट्यात असतो, त्यामुळे १८ ची उंची ३,८०० आणि २२.७ ची ३,५०० होऊ शकते. टाका सूत्रात: उणे ८.६ टक्के. उणे स्फटिकता! माझ्याकडे असे तक्ते घेऊन मुलं येतात आणि "हे शून्य लिहू का?" असं विचारतात. शून्य लिहू नका. ते सूत्र नमुन्यातल्या कशाचंही प्रमाण मोजत नाही, हेच ते उणे चिन्ह तुम्हाला सांगत असतं.

शिवाय या पद्धतीत आणखी एक मेख आहे. स्फटिक बारीक झाले की पीक रुंद होतात, रुंद झाले की त्यांचे पाय शेजारच्या दरीत पसरतात आणि १८ अंशांची उंची वाढते. म्हणजे एक ग्रॅमही अमॉर्फस पदार्थ नसताना नुसत्या बारीक स्फटिकांमुळे सीगलचा आकडा खाली येतो. आणि उलटही होतं: लांब तंतू नमुन्याच्या खाचेत दाबले की ते आडवे झोपतात, काही पीक फुगतात, काही दबतात. पहिल्या अर्ध्या तासाच्या दळण्यात तंतू तोकडे होऊन ही झोपण्याची सवय जाते आणि आलेख बदलतो. स्फटिकाला तोवर धक्काही लागलेला नसतो. म्हणून शून्य वेळेचा नमुना म्हणून अखंड तंतू घेऊ नका. चाकूच्या मिलमधून एकदा काढलेला, बारीक चाळलेला नमुना घ्या.

एकाच मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोजची (आम्लाने तोडून बनवलेल्या पावडरची) स्फटिकता वेगवेगळ्या रीतींनी मोजणारा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सीगलने सुमारे ९२ टक्के, अमॉर्फस आलेख वजा करून ७८, पीक वेगळे काढून ६१ आणि एनएमआरने ५७. पदार्थ तोच, भांडं तेच. म्हणून "खरा आकडा कोणता" याला माझं उत्तर: एकटा कोणताच नाही. एका पद्धतीने मोजलेल्या मालिकेतला उतार खरा धरा, आणि लेखात पद्धतीचं नाव आकड्याला चिकटवूनच लिहा.

एनएमआरचं मला जास्त पटतं, पण त्यालाही आपली खोड आहे. ग्लुकोजच्या कडीतल्या चौथ्या कार्बनची खूण एनएमआरच्या आलेखावर ८९ पीपीएमजवळ आली तर स्फटिकाच्या आतली साखळी, ८४ जवळ आली तर बाकीची. या "बाकीच्या"त स्फटिकाच्या पृष्ठभागावरच्या साखळ्याही मोडतात. सहा गुणिले सहा अशी ३६ साखळ्यांची जुडी कल्पून बघा: २० साखळ्या काठावर, १६ आत. म्हणजे निर्दोष स्फटिक असूनही निम्म्याहून जास्त साखळ्या "अमॉर्फस" खात्यात जमा. बारा गुणिले बारा घेतली तर काठावर १४४ पैकी ४४, म्हणजे ३१ टक्केच. दळताना जुड्या सडपातळ होतात तेव्हा ८४ चा पीक वाढणारच, आणि त्यातलं किती विस्कटलेलं आणि किती नुसतं काठावर आलेलं, हे त्या एका पीकवरून कळत नाही. एफटीआयआरचं (अवरक्त किरण कुठे शोषले जातात ते मोजणाऱ्या पद्धतीचं) म्हणाल तर १,४३० चा पट्टा घटतो, ८९७ चा वाढतो, घाईत तुलना करायला ठीक. पण नमुना दमट असेल तर मोहात पडू नका.

हे झालं मोजमापाचं. आता तुमच्या १२ आणि २० अंशांकडे येऊ.

दळून विस्कटलेलं सेल्युलोज कोरडं असेल तोवर गोठल्यासारखं पडून राहतं. पूर्ण कोरड्या अमॉर्फस सेल्युलोजचं काचेसारखं ताठर रूप सुटायला २०० अंश सेल्सिअसच्या वरचं तापमान लागतं असं मानलं जातं. पण त्यात पाणी शिरलं की ते तापमान धाडकन खाली येतं, आणि पुरेसं ओलं झालं की खोलीच्या तापमानालाही साखळ्या हलायला मोकळ्या होतात. मोकळ्या झाल्या की त्या रांगेत बसायला लागतात. १९४६ मध्ये हर्मन्स आणि वायडिंगर यांनी अमॉर्फस सेल्युलोजच्या पुनःस्फटिकीकरणावर लिहिलं होतं, म्हणजे ही काही नवी खबर नाही. तरीही दर वर्षी कोणीतरी नव्याने ठेचकाळतं.

रांगेत बसताना त्या कोणत्या रचनेत बसतात, हे दळण कितपत झालं होतं यावर ठरतं. थोडंच दळलं असेल तर मूळ रचनेचे तुकडे शिल्लक असतात. ते विरजणासारखं काम करतात आणि साखळ्या पुन्हा सेल्युलोज एकमध्येच, म्हणजे मूळ रचनेतच, जमतात. अशा वेळी धुतल्यावर २२.७ चा पीक टोकदार होतो, नवीन काही दिसत नाही. खूप दळलं असेल आणि विरजण उरलंच नसेल तर साखळ्या ऊर्जेच्या दृष्टीने जास्त स्थिर अशा सेल्युलोज दोनमध्ये बसतात. त्याचे पीक १२.१, २० आणि २२ अंशांजवळ. पहिले दोन तुम्हाला दिसले. तिसरा जुन्या २२.७ च्या पोटात लपला. तुमच्या नमुन्यात दोन्ही रचना मिसळल्या आहेत.

सेल्युलोज दोन म्हणजे जॉन मर्सरने १८५० मध्ये पेटंट घेतलेल्या कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेतून सुतात तयार होतं तेच. त्यात शेजारच्या साखळ्या उलटसुलट दिशांना तोंड करून बसतात. घन अवस्थेत एवढी लांब साखळी गर्रकन उलटी कशी फिरेल, हा प्रश्न इथे हमखास येतो. फिरावी लागत नाही. पेशीभित्तिकेत काही जुड्या वर तोंड करून असतात, काही खाली. मिलमध्ये त्या एकमेकींत मिसळल्या की विरुद्ध दिशेची शेजारीण आयतीच मिळते.

धुतल्यावर सीगलचा जो "वाढलेला" आकडा तुम्ही काढलात तो मात्र सरळ खोडून टाका. २० अंशांना पीक असलेल्या आलेखात १८ ची उंची अमॉर्फस भागाची उरतच नाही. त्या सूत्राला सेल्युलोज दोन हा पाहुणा माहीतच नाही.

पाण्याची दुसरी बाजूही सांगून ठेवतो, कारण पुढचा प्रयोग तुम्ही ओलं दळून करणार असं वाटतं. भरपूर पाण्यात दळलं तर पाणी जुड्यांच्या मध्ये शिरतं, त्यांना सोडवतं, आघात झेलतं. तंतू उकलून बारीक धागे होतात, स्फटिक बऱ्यापैकी शाबूत राहतो. नॅनोफायब्रिल बनवणारे याचाच फायदा घेतात. कोरडं दळलं तर अमॉर्फस. आणि मधलंच प्रमाण असेल तर तिसरीच गोष्ट: २००४ मध्ये जपानी संशोधकांनी ठराविक प्रमाणात पाणी घालून दळताना मिलमध्येच सेल्युलोज एकचं दोन होताना दाखवलं. म्हणून "आम्ही बॉल मिल केलं" या वाक्याला ओलावा सांगितल्याशिवाय अर्थ नाही. कापूस साध्या हवेतही सात-आठ टक्के पाणी बाळगून असतो. मी १०५ अंशांवर रात्रभर वाळवून, डेसिकेटरमध्ये (ओलावा शिरू न देणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून, मगच जार भरतो. दहा मिनिटं दळायचं, दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर जार तापतो आणि पावडरला करपल्याचा वास येतो.

रासायनिक बदलाबद्दल तुम्ही विचारलंत. नवीन पदार्थ बनत नाही, पण साखळ्या तुटतात. ग्लुकोजच्या कड्यांमधले बंध आघाताने तुटून मुक्त मूलक तयार होतात, ते ईएसआरवर (मुक्त मूलक ओळखणाऱ्या चाचणीत) दिसतात, आणि डीपी, म्हणजे एका साखळीतल्या ग्लुकोजच्या कड्यांची संख्या, उतरते. लांब साखळीच्या कापसात ही घट ठळक दिसते. मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज बनवतानाच आम्लाने तोडलेलं असतं, त्यात कमी. विस्कॉसिटीचं एक मोजमाप करून घ्या, नाहीतर पुढे विद्राव्यता वाढली की ती स्फटिकता घटल्यामुळे की साखळी आखूड झाल्यामुळे, हे वेगळं करता येणार नाही. आम्लाचा किंचित हात लावून दळलं तर हे तोडकाम इतकं पुढे जातं की पावडर पाण्यात विरघळते. पण तो वेगळा विषय झाला.

माझा स्वतःचा एक फटका सांगतो. सोळा तास दळलेला, सपाट कुबड दाखवणारा नमुना मी झाकण सैल असलेल्या बाटलीत ठेवून दिला. हवा दमट होती. तीन आठवड्यांनी एनएमआरला पाठवला तर ८९ चा पीक डोकं वर काढून उभा. पंधरा दिवस मी मोजणाऱ्याला दोष देत होतो. शेवटी बाटलीचं वजन केलं तेव्हा लक्षात आलं: अमॉर्फस सेल्युलोज मूळ कापसाहून जास्त पाणी ओढतं, आणि ते ओढलेलं पाणीच साखळ्यांना पुन्हा रांगेत बसवायला मदत करतं. तेव्हापासून दळलेलं त्याच दिवशी एक्सआरडीवर जातं, उरलेलं सीलबंद बाटलीत, ओलावा शोषणाऱ्या फॉस्फरस पेंटॉक्साइडवर. धुवायचंच असेल तर कोरड्या इथेनॉलने किंवा ॲसिटोनने.

तुमचा हेतू शेवटी एन्झाइमने साखर काढण्याचा आहे असं लिहिलंय, म्हणून एक शेवटचं. सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारं एन्झाइम, काम करतं पाण्यात, साधारण ५० अंश सेल्सिअसला. म्हणजे दळलेली पावडर बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या पाण्याच्या द्रावणात) टाकल्या क्षणापासून तिचं पुनःस्फटिकीकरण आणि एन्झाइमची तोड यांची शर्यत सुरू होते. सुरुवातीचा वेग मस्त वाढलेला दिसतो, मग तो अपेक्षेपेक्षा लवकर मंदावतो, आणि लोक एन्झाइम थकलं असं लिहितात. तुम्ही कोरड्या पावडरीचा आकडा आलेखाच्या आडव्या अक्षावर घेतला असेल, तर एन्झाइमला भेटलेला पदार्थ तो नव्हे. एन्झाइम न घालता तीच पावडर त्याच बफरमध्ये, त्याच तापमानाला अर्धा तास ठेवा, गाळा, ॲसिटोनने पाणी काढा आणि तिचा एक्सआरडी घ्या. आठ तासांच्या दळणातली न धुतलेली पावडर अजून शिल्लक असेल तर आजच बाटली बंद करून ठेवा आणि हा प्रयोग तिच्यावरच करा.